प्रकाशाची खूण जपणारे स्फटिक

राहुरी म्हटले की आपल्याला ऊस, साखर आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ आठवते. जगभरच्या खनिजसंग्राहकांना मात्र हे गाव वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे. राहुरीजवळच्या मोमीन आखाडा परिसरात विहिरी खोदताना काळ्या पाषाणातील पोकळ्यांमधून अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांचे देखणे स्फटिक बाहेर आले. आज युरोप-अमेरिकेतील कित्येक संग्रहांत काचेच्या पेटीत ठेवलेल्या स्फटिकाखालच्या चिठ्ठीवर 'मोमीन आखाडा, राहुरी, अहमदनगर जिल्हा' अशी अक्षरे वाचायला मिळतात. जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले तरी त्या चिठ्ठ्या जुन्याच आहेत. ज्यांना एवढ्या दूर जाणे शक्य नाही, त्यांनी शिर्डीहून नाशिककडे जाताना वाटेत सिन्नरला 'गारगोटी' हे खनिज संग्रहालय पाहावे. दख्खनच्या पठारावर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा पसरला. तो थिजताना आत राहिलेल्या वायूच्या बुडबुड्यांमध्ये पुढे उष्ण, क्षारयुक्त पाणी झिरपले आणि त्यातून कणाकणाने हे स्फटिक घडले.

या स्फटिकांवर प्रकाश पडला की ते चमकतात, काही रंगांची उधळण करतात. पण दिवा मालवला की सारे संपते. प्रकाश येऊन गेला याची कोणतीही खूण त्या स्फटिकात उरत नाही. काचेचेही तेच, पाण्याचेही तेच. शाळेत आपण शिकलेले वक्रीभवन हे असे एकतर्फी असते. पदार्थ प्रकाशाला वळवतो, प्रकाश पदार्थाला काहीही करीत नाही. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, साध्या काचेचा सुमारे १.५, हिऱ्याचा २.४२. हे आकडे जणू त्या पदार्थाच्या कपाळावर लिहिलेले असतात आणि त्यांत बदल होत नाही, असेच आपण गृहीत धरतो.

हा समज चुकीचा ठरवणारे काही स्फटिक आहेत. त्यांच्यावर प्रकाश पडला की त्यांचा वक्रीभवनांक बदलतो. तोही सगळीकडे सारखा नव्हे, तर जेथे प्रकाश जसा पडला तसा. शिवाय प्रकाश काढून घेतल्यावरही हा बदल टिकतो. काहींमध्ये तो क्षणभरच राहतो, तर काहींमध्ये अंधारात महिनोन्‌महिने. इंग्रजीत ज्यांना 'फोटोरिफ्रॅक्टिव्ह' म्हणतात ते हे स्फटिक. मराठीत आपण त्यांना प्रकाश-अपवर्ती म्हणू. लेसरच्या दुनियेत त्यांची कीर्ती दुहेरी आहे. काही प्रयोगशाळा हा गुणधर्म मिळावा म्हणून धडपडतात, तर काही तो टळावा म्हणून.

त्याचा शोध मुळात एक कटकट म्हणून लागला. १९६० मध्ये पहिला लेसर तयार झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा लाल प्रकाश गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून पाठवला आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशात निम्म्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश अत्यल्प प्रमाणात मिळवला. (छायाचित्रात त्या प्रकाशाचा जो इवलासा ठिपका उमटला होता, तो नियतकालिकाच्या छपाईत डाग समजून पुसला गेला, ही गोष्ट भौतिकशास्त्रज्ञ आजही चवीने सांगतात.) मग अधिक कार्यक्षम स्फटिकांचा शोध सुरू झाला आणि लिथियम नायोबेट हा कृत्रिम स्फटिक सर्वांच्या पसंतीस उतरला. लेसरचा रंग बदलण्याचे काम तो उत्तम करी. पण अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर अॅश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की हिरवी वा निळी लेसर शलाका त्यातून थोडा वेळ गेली की बिघडते. सुरुवातीला सुबक, गोल असलेला ठिपका हळूहळू विस्कटतो आणि फाकतो. स्फटिकाला तडा गेलेला नसे, तो जळालेलाही नसे. १९६६ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. या प्रकाराला पुढे बराच काळ 'प्रकाशीय हानी' असेच म्हटले जाई. हेच अॅश्किन पुढे प्रकाशाच्या चिमट्याबद्दल २०१८ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

मात्र ही हानी विचित्र होती. स्फटिक सुमारे दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की ती नाहीशी होई आणि स्फटिक पुन्हा कोरा होई. जी जखम ऊब देताच मागमूस न ठेवता भरून येते, तिला जखम तरी कसे म्हणावे? पाटीवरचे अक्षर ओल्या फडक्याने पुसले जाते, तसा हा प्रकार होता. आणि जे पुसता येते, ते लिहिताही येत असले पाहिजे.

लिहिणे कसे घडते, हे समजण्यासाठी आठवडी बाजाराचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. मैदानभर माणसे सारखी विखुरलेली आहेत. दुपारी ऊन चढते. मैदानात काही ठिकाणी झाडांची सावली आहे, बाकी लख्ख ऊन. उन्हातली माणसे उठतात, इकडेतिकडे फिरतात आणि सावली सापडली की तेथेच टेकतात. सावलीतल्यांना मात्र उठण्याचे कारणच नाही. थोड्या वेळाने उन्हाच्या पट्ट्यांत माणसे विरळ आणि सावलीत दाटी, अशी स्थिती होते. आता आभाळ आले, ऊन-सावलीचा भेद संपला, तरी माणसे लगेच जुन्या जागी परतत नाहीत. बसली तेथे बसून राहतात. मैदानावर ऊन कसे पडले होते, त्याचा नकाशा माणसांच्या रूपाने तेथे उमटलेला असतो.

स्फटिकात माणसांच्या जागी इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाने ते आपल्या जागेवरून सुटतात, भटकतात आणि अंधाऱ्या भागात पोहोचले की एखाद्या रिकाम्या जागेत अडकतात. बाजाराच्या उपमेत एक गोष्ट बसत नाही, आणि तीच येथे निर्णायक आहे. इलेक्ट्रॉनवर विद्युतभार असतो. ते एका ठिकाणाहून जाऊन दुसरीकडे दाटले, की त्या दोन ठिकाणांमध्ये विद्युतक्षेत्र निर्माण होते, सेंटीमीटरला हजारो व्होल्टांच्या घरातले. हे क्षेत्र स्फटिकाच्या जडणघडणीला किंचित ताणते आणि त्याचा वक्रीभवनांक बदलतो. विद्युतक्षेत्राने वक्रीभवनांक बदलण्याच्या या परिणामाला जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पॉकेल्स यांचे नाव आहे. एरवी त्यासाठी स्फटिकाला तारा जोडून बाहेरून विद्युतदाब द्यावा लागतो. येथे प्रकाशच आत बसून ते काम करतो.

बदल केवढा? हजारातला एक भाग किंवा त्याहूनही बराच कमी. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. हिशेब करून पाहू. हिरव्या लेसरची तरंगलांबी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी असते. एक सेंटीमीटर जाडीच्या लिथियम नायोबेटमध्ये त्याच्या चाळीस हजारांहून अधिक लहरी बसतात. वक्रीभवनांकात ०.०००१ इतकाच फरक पडला तरी तेवढ्या प्रवासात प्रकाश जवळपास दोन लहरींनी मागेपुढे होतो. प्रकाशाच्या जगात अर्ध्या लहरीच्या फरकाने उजेडाचा अंधार होतो. तेथे दोन लहरी म्हणजे फारच झाले.

मग राहुरीच्या अपोफिलाइटमध्ये असे का घडत नाही? पारदर्शक आणि सुघटित तर तोही असतो. याचे पहिले उत्तर सममितीत आहे. पॉकेल्स परिणाम घडण्यासाठी स्फटिकाची अंतर्गत रचना एकांगी असावी लागते. कोणत्याही अणूपासून केंद्राकडे रेघ ओढून ती तेवढीच पुढे नेली असता पलीकडे तसाच अणू भेटत असेल, तर अशा स्फटिकात हा परिणाम उद्‌भवत नाही. अपोफिलाइट, स्टिल्बाइट, कॅल्साइट हे सारे या अर्थाने समतोल आहेत, त्यामुळे परीक्षेतच बसत नाहीत. दख्खनच्या पाषाणात आढळणारी गारगोटी आणि सुईसारख्या शुभ्र काड्यांच्या झुबक्यांत उगवणारा स्कोलेसाइट हे मात्र एकांगी आहेत. म्हणजे दाराशी ते पोहोचले आहेत. पण दार उघडायला आणखी दोन गोष्टी लागतात. पॉकेल्स परिणाम पुरेसा प्रबळ हवा, आणि प्रकाशाने सुटू शकतील असे इलेक्ट्रॉन व ते अडकतील अशा जागा हव्यात.

या दुसऱ्या गोष्टीत मोठी गंमत आहे. लिथियम नायोबेट अगदी शुद्ध केला, तर प्रकाशाचा लेख त्यात फारच फिका उमटतो. लेख उमटतो तो मुख्यतः त्यात अनवधानाने राहिलेल्या लोहाच्या अंशामुळे. लोहाचे काही अणू एक इलेक्ट्रॉन राखून असतात, काहींनी तो गमावलेला असतो. पहिले देणारे, दुसरे घेणारे. स्फटिक वाढवताना त्यात दहा हजारांत काही भाग एवढे लोह मुद्दाम मिसळले, की तोच स्फटिक प्रकाशाला कितीतरी अधिक संवेदनशील होतो. आपल्या खनिजांचे सौंदर्यही बरेचदा अशाच भेसळीचे देणे असते. पुणे परिसरातील अपोफिलाइटला येणारा हिरवा रंग त्यातील अत्यल्प व्हॅनेडियममुळे आहे.

हे सारे उमगल्यावर 'हानी' हा शब्द मागे पडू लागला. १९६८ मध्ये बेल प्रयोगशाळेतच लिथियम नायोबेटमध्ये होलोग्राम नोंदवण्यात आला. दोन लेसर शलाका एकमेकींवर आल्या की उजेड-अंधाराच्या सूक्ष्म पट्ट्या तयार होतात. एका शलाकेवर चित्र वा मजकूर चढवलेला असेल तर तो या पट्ट्यांमध्ये गुंफला जातो आणि स्फटिकाच्या सबंध जाडीत वक्रीभवनांकाची जाळी म्हणून कोरला जातो. नंतर दुसरी शलाका एकटीच पाठवली, की चित्र परत मिळते. शलाकेचा कोन किंचित बदलला की त्याच जागी दुसरे चित्र नोंदवता येते. १९९० च्या दशकात कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डिमिट्री साल्टिस यांच्या गटाने एकाच स्फटिकात हजारो होलोग्राम साठवून दाखवले. साखरेच्या खड्याएवढ्या स्फटिकात अख्खे ग्रंथालय मावेल, अशी भाकिते त्या काळी नेहमी वाचायला मिळत.

ती भाकिते खरी ठरली नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या प्रकाशाने वाचायचे, त्याच प्रकाशाने इलेक्ट्रॉन पुन्हा सुटतात आणि लेख पुसट होत जातो. पुस्तक वाचता वाचता त्याची शाई उडून जावी, तसे. यावर उपाय निघाले. अमेरिकेतील आरसीए प्रयोगशाळेत १९७१ मध्येच स्फटिक तापवून लेख 'पक्का' करण्याची रीत सापडली होती. पण तसे केले की नव्याने लिहिण्याची सोय जाते. दरम्यान चुंबकीय तबकड्या आणि फ्लॅश स्मृती इतक्या स्वस्त होत गेल्या, की स्फटिकाच्या ग्रंथालयाची निकड उरली नाही. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीत केहर सिंग, जोबी जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्षेत्रात दीर्घकाळ संशोधन केले. साठवणुकीबरोबरच प्रतिमा ओळखणे आणि माहिती सांकेतिक करणे हेही त्यांचे विषय होते.

लेसरशास्त्राला या स्फटिकांनी दिलेली अधिक मोलाची गोष्ट वेगळी आहे. कल्पना करा, शाळेच्या मैदानावर पन्नास मुले एका रेषेत उभी आहेत. शिट्टी वाजताच सारी धावू लागतात. पुढे अर्ध्या भागात नांगरट आहे, अर्ध्या भागात टणक वाट. साहजिकच काही मुले मागे पडतात, काही पुढे जातात आणि सरळ रेषा वाकडीतिकडी होते. आता दुसरी शिट्टी होताच प्रत्येकाने जागच्या जागी वळून आल्या वाटेने त्याच वेगाने परत धावायचे. पुढे गेलेल्याला परतीला अधिक अंतर आहे, मागे राहिलेल्याला कमी. नांगरटीतला पुन्हा हळू येतो, वाटेवरचा पुन्हा वेगाने. सारी मुले एकाच क्षणी मूळ रेषेवर पोहोचतात. वाटेतल्या खाचखळग्यांचा हिशेब आपोआप चुकता होतो.

साधा आरसा असे करीत नाही. तो वाकडी रेषा तशीच परत पाठवतो आणि परतीच्या वाटेवर ती आणखी वाकडी होते. प्रकाशाला 'जागच्या जागी' वळवणाऱ्या आरशाला कला-संयुग्मी आरसा म्हणतात. तो प्रकाश-अपवर्ती स्फटिकातून बनवता येतो. अमेरिकेतील जॅक फाइनबर्ग यांनी १९८२ मध्ये बेरियम टायटनेटच्या एका तुकड्यात केवळ एकच शलाका सोडली. बाकीच्या आवश्यक शलाका स्फटिकाने त्या शलाकेतूनच, स्वतःच्या कोपऱ्यांवरून परावर्तन घडवून, तयार केल्या आणि परतीचा प्रकाश निर्माण झाला. प्रात्यक्षिकासाठी त्यांनी मांजराचे चित्र वापरले होते, म्हणून या रचनेला आजही गमतीने 'मांजर आरसा' म्हणतात. लेसरचा प्रकाश प्रवर्धकातून जाताना तेथील उष्णतेमुळे विस्कटतो. असा आरसा लावून तो त्याच मार्गाने परत आणला, की विस्कटलेपण बरेचसे निघून जाते.

आणखी एक करामत ऊर्जेच्या देवघेवीची. स्फटिकात एक क्षीण आणि एक प्रबळ शलाका एकत्र आल्या, तर प्रबळ शलाकेतला प्रकाश क्षीण शलाकेत वळता होऊ शकतो. उजेडाच्या पट्ट्या आणि वक्रीभवनांकाच्या पट्ट्या नेमक्या एकमेकींवर न बसता पाव पट्टीने सरकलेल्या असतात, त्यामुळे हे घडते. यासाठी महाकाय लेसर लागत नाही, मिलिवॅटच्या घरातला प्रकाशही पुरतो. या स्फटिकांना प्रकाशाची तीव्रता नव्हे, तर एकूण पुंजी महत्त्वाची असते. मंद प्रकाश पडला तर ते सावकाश लिहितात, इतकेच. बिस्मथ सिलिकॉन ऑक्साइडसारखे तुलनेने जलद स्फटिक वापरून यंत्रभागांची सूक्ष्म कंपने मोजण्याच्या पद्धतीही विकसित झाल्या आहेत.

आता याच गुणधर्माची दुसरी बाजू. त्यासाठी नगरहून पूर्वेला, मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यात जावे लागेल. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पाला २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. पुण्याचे आयुका आणि इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र त्यात सहभागी आहेत. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेसर धावणार आणि त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी फरक पडला तर तो टिपला जाणार. येथे लेसरची शलाका कणभरही बिघडलेली चालत नाही.

या लेसरवर आरशांच्या नियंत्रणासाठी रेडिओ वारंवारतेच्या खुणा चढवाव्या लागतात आणि ते काम पॉकेल्स परिणाम दाखवणारा स्फटिकच करतो. अमेरिकेतील मूळ लायगोत त्यासाठी लिथियम नायोबेट होता. पुढे लेसरची शक्ती वाढवायची ठरल्यावर तो बदलून रुबिडियम टायटनिल फॉस्फेट हा स्फटिक निवडण्यात आला. येथे मुख्य अडचण उष्णतेची होती. लायगोचा लेसर अवरक्त असतो आणि इलेक्ट्रॉन सोडवण्याचे काम हिरवा-निळा प्रकाशच अधिक जोमाने करतो. पण अधिक शक्तीला स्फटिक प्रकाश किती शोषतो आणि त्याने तो किती बदलतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. उत्तम म्हणून नावाजलेला स्फटिक केवळ शलाका बिघडवतो म्हणून बाजूला ठेवावा लागतो.

लिथियम नायोबेटच वापरायचा असेल तर लोहाच्या उलट काम करणारे मूलद्रव्य शोधावे लागते. ते सापडले मॅग्नेशियममध्ये. वितळलेल्या द्रवात सुमारे पाच टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड घातले की घडलेल्या स्फटिकात इलेक्ट्रॉन अडकून राहत नाहीत आणि लेख टिकत नाही. १९८० च्या दशकापासून रंगबदलाच्या कामासाठी हे मॅग्नेशियमयुक्त स्फटिकच पसंत केले जातात. दूरसंचारात मात्र साधा लिथियम नायोबेट आपले काम निमूटपणे करतो. लांब पल्ल्याच्या प्रकाशीय तंतूंमधून जाणाऱ्या संदेशांचा बराच भाग त्याच्याच पट्टीवरून स्वार होऊन निघतो. तेथला अवरक्त प्रकाश इलेक्ट्रॉनांची झोप फारशी मोडत नाही.

एकच स्फटिक लोह घालून लिहिता होतो आणि मॅग्नेशियम घालून विसरभोळा. म्हणजे खरे कौशल्य तो वाढवण्यात आहे, आणि आपली उणीव नेमकी तेथे आहे. लिथियम नायोबेट सुमारे १,२५० अंश सेल्सिअसला वितळतो. त्या द्रवाला स्फटिकाचे बीज टेकवून, ते फिरवत, तासाला काही मिलिमीटर या गतीने वर ओढावे लागते. तापमान क्षणभर डळमळले तरी आत दोषाची रेघ उमटते. इंदूरच्या केंद्रात आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात स्फटिक वाढवण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. परंतु व्यापारी प्रमाणावर ते पुरवणारे कारखाने प्रामुख्याने चीन, जपान आणि अमेरिकेत आहेत. आपण राहुरी-नाशिकचे निसर्गाने घडवलेले स्फटिक शोभेसाठी परदेशी पाठवतो आणि प्रयोगशाळेतल्या लेसरसाठी लागणारे स्फटिक बव्हंशी परदेशातून मागवतो, ही देवघेव मनाला लागते.

तरी हा विषय अगदीच दूरच्या प्रयोगशाळांपुरता नाही. नगरच्या शेजारच्या बीडमध्ये, मिल्लिया महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात, लेसरचा प्रकाश बदलणाऱ्या स्फटिकांवर संशोधन होते. तेथे वितळवण्याची भट्टी लागत नाही. पाण्यात विरघळणाऱ्या पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटसारख्या क्षारांचे संपृक्त द्रावण गाळून चंचुपात्रात घ्यायचे, वर बारीक छिद्रे पाडलेले झाकण घालायचे, पात्र स्थिर तापमानात ठेवायचे आणि त्याला धक्का लागू द्यायचा नाही. पाणी हळूहळू उडत जाते आणि काही आठवड्यांनी तळाशी एखादा नितळ, सरळ कडांचा खडा दिसू लागतो.